एदलाबाद ते मुक्ताईनगर : एक मतदारसंघ आणि महिलांच्या उमेदवारीचा प्रश्न



२०२४ या एकाच वर्षात खानदेशाने दोनदा मतदान केले आणि दोन्ही वेळा दिलेली उत्तरे परस्परांशी जुळणारी नव्हती. ४ जून रोजी लोकसभेचे निकाल जाहीर झाले तेव्हा जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चार मतदारसंघांपैकी तीन मतदारसंघांतून महिला निवडून आल्या होत्या : जळगावमधून श्रीमती स्मिता वाघ, रावेरमधून श्रीमती रक्षा खडसे आणि धुळ्यातून डॉ. शोभा बच्छाव. पहिल्या दोघी भारतीय जनता पक्षाच्या व तिसऱ्या काँग्रेस पक्षाच्या. म्हणजे हा एखाद्या पक्षाच्या लाटेचा प्रताप नव्हता. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर रोजी, विधानसभेचे निकाल लागले. जळगाव जिल्ह्यातील ११, धुळे जिल्ह्यातील ५ आणि नंदुरबार जिल्ह्यातील ४ अशा २० जागांपैकी केवळ एका जागेवर महिला निवडून आल्या. त्या म्हणजे साक्रीच्या श्रीमती मंजुळा गावित. जळगाव जिल्ह्याचे चित्र तर अधिकच विलक्षण आहे. जिल्ह्याचे दोन्ही खासदार महिला आणि अकरा आमदारांमध्ये एकही महिला नाही.

याचे 'लोक महिलांना मते देत नाहीत' हे सोपे उत्तर येथे टिकत नाही. लाखोंच्या संख्येने याच लोकांनी, याच मतदान केंद्रांवर, त्याच वर्षी महिलांना मते दिली होती. मग अडचण कोठे आहे? ती समजून घेण्यासाठी वीस मतदारसंघांचे कोष्टक मांडण्यापेक्षा एकाच मतदारसंघाचा इतिहास नीट वाचणे अधिक उपयोगी ठरेल असे वाटते. हा मतदारसंघ म्हणजे पूर्वीचा एदलाबाद आणि आजचा मुक्ताईनगर. भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपतींना याच मतदारसंघाने सलग चार वेळा विधानसभेत पाठविले, आणि १९८५ नंतर आजतागायत येथून एकही महिला आमदार झालेली नाही.

जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि विदर्भ यांच्या सीमांना खेटून हा प्रदेश आहे. तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम चांगदेव येथे होतो. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात त्यांतील किती उघडले हे तापीकाठच्या गावांत आवर्जून विचारले जाते. त्या धरणाचे फुगवट्याचे पाणी या भागापर्यंत येते. नदीच्या बाजूला केळीच्या बागा आहेत, तर बोदवडकडे कोरडवाहू कापसाची शेती. एकाच मतदारसंघात पाण्याची अशी दोन टोके असल्याने येथील राजकारणात सिंचन हा शब्द साठ वर्षे गाजत राहिला आहे. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई हिने तापीच्या तीरावर देह ठेवला, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाणाऱ्या मानाच्या पालख्यांमध्ये येथून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीचे स्थान मोठे आहे. तिच्याच नावावरून एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. मतदारसंघाच्या नावात मात्र हा बदल २००८ च्या पुनर्रचनेत झाला. त्याच पुनर्रचनेनंतर मुक्ताईनगर व बोदवड हे तालुके आणि रावेर तालुक्याचा काही भाग मिळून आजचा मतदारसंघ तयार झाला आणि तो नव्याने निर्माण झालेल्या रावेर लोकसभा मतदारसंघात समाविष्ट करण्यात आला.

आता मूळ इतिहासाकडे वळू.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. त्या वेळी जळगाव मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर एक सत्तावीस वर्षांची वकील तरुणी निवडून आली. प्रतिभा पाटील हे तिचे नाव. त्यांचा जन्म नाडगावचा. हे गाव आज बोदवड तालुक्यात आहे. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिक्षण, मग मुंबईत कायद्याची पदवी, टेबल टेनिसच्या खेळात प्रावीण्य, आणि पुढे जळगावच्या न्यायालयात वकिली असा त्यांचा प्रवास. १९६७ साली त्या एदलाबादमधून उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. नंतर १९७२, १९७८ आणि १९८० अशा तीन निवडणुका त्यांनी तेथूनच जिंकल्या. १९६७ पासून उपमंत्री, १९७२ पासून कॅबिनेट मंत्री, आणि राज्यात पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार असताना जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० या काळात विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या. १९८५ साली त्या राज्यसभेवर गेल्या, तेथे उपसभापती झाल्या; १९९१ साली अमरावतीतून लोकसभेवर निवडून आल्या; २००४ साली राजस्थानच्या राज्यपाल झाल्या आणि २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. त्या निवडणुकीत शिवसेनेने भाजपशी युती असतानाही मराठी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा दिला होता, हे वाचकांना स्मरत असेल.

या कारकिर्दीतील एदलाबादच्या अठरा वर्षांकडे आपण फारसे लक्ष देत नाही. वस्तुतः आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच वर्षे महत्त्वाची आहेत. प्रतिभाताई सोळंकी राजपूत घराण्यातील. पूर्व खानदेशात या समाजाची संख्या थोडी. येथे लेवा पाटीदार, मराठा, गुजर, कोळी, माळी, बंजारा, मुस्लिम आणि दलित मतदारांचे पारडे जड. आजचा एखादा पक्षनिरीक्षक ही यादी पाहून अशा उमेदवाराचे नाव पहिल्याच बैठकीत खोडील. महिला, तरुण आणि वर अल्पसंख्य जातीची! तरीही त्या चार वेळा जिंकल्या. काँग्रेसचे तेव्हाचे बळ हे त्याचे एक कारण निश्चितच होते. पण पक्षाने उमेदवारी दिली, ती एकदा हौसेने देऊन काढून घेतली नाही आणि मंत्रिपदे देऊन त्यांना काम करू दिले, हे कारणही तेवढेच खरे आहे. त्यांचे वडील नारायणराव पाटील वकील होते, ही पार्श्वभूमी मान्य करूनही असे म्हणता येईल की, एदलाबादची जागा त्यांना कोणाकडून वारशाने मिळालेली नव्हती.

आणि त्यांनीही ती कोणाला वारशाने दिली नाही. यात तत्त्वनिष्ठा किती आणि भूगोल किती, हा प्रश्न खट्याळ वाटला तरी विचारण्यासारखा आहे. कारण लग्नानंतर कुटुंबाचे राजकीय घर अमरावती झाले. त्यांचे पती देवीसिंह शेखावत अमरावतीचे आमदार झाले आणि २००९ साली, त्या राष्ट्रपती असतानाच, चिरंजीव राजेंद्र शेखावत यांना काँग्रेसने विद्यमान आमदाराला बाजूला सारून अमरावतीची उमेदवारी दिली व ते निवडून आले. म्हणजे घराण्याचा मोह टळला असे नव्हे. तो एदलाबादच्या वाट्याला आला नाही, इतकेच. त्यांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्थांची कहाणीही सरसकट यशाची नाही. जळगावच्या प्रतिभा महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केला. महिलांसाठी महिलांनी चालविलेली बँक बुडावी, ही गोष्ट गरीब ठेवीदार स्त्रियांच्या दृष्टीने किती क्लेशकारक होती हे वेगळे सांगावयास नको.

मधला एक कार्यकाळ गेला आणि १९९० साली भाजपचे एकनाथ खडसे येथून निवडून आले. त्यानंतर १९९५, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा एकूण सहा निवडणुका त्यांनी सलग जिंकल्या. ते याच मतदारसंघातील कोथळी गावचे. जुने मुक्ताई मंदिर आहे तेच हे गाव. सरपंचपदापासून त्यांनी सुरुवात केली. १९९५ ते १९९९ या युती शासनाच्या काळात त्यांनी अर्थ व पाटबंधारे ही खाती सांभाळली. २००९ ते २०१४ या काळात ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. विरोधी पक्षनेतेपदी दोन भिन्न पक्षांच्या व्यक्तींना बसविण्याचा मान एकाच ग्रामीण मतदारसंघाला मिळावा, हे महाराष्ट्रात वारंवार घडत नाही. २०१४ साली भाजपचे सरकार आले तेव्हा महसूल, कृषी, अल्पसंख्याक विकास अशी अनेक खाती त्यांच्याकडे होती. मुख्यमंत्रिपदासाठीही त्यांचे नाव चर्चेत होते.

१९६७ ते २०१९ या बावन्न वर्षांचा हिशेब मांडला तर त्यांपैकी सुमारे सत्तेचाळीस वर्षे या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केवळ दोन व्यक्तींनी केले. एक काँग्रेसची, दुसरी भाजपची. एक महिला, दुसरा पुरुष. मतदारांनी पक्ष बदलला, परंतु माणूस धरून ठेवण्याची सवय बदलली नाही. अशा सवयीचे फायदे असतात. ज्येष्ठ आमदाराच्या शब्दाला मंत्रालयात वजन असते, निधी येतो, रस्ते होतात. तोटा उशिरा दिसतो. मतदारसंघातील बाजार समिती, सोसायट्या, जिल्हा बँक, दूध संघ अशा साऱ्या संस्था हळूहळू एकाच घराच्या अंगणात येतात आणि त्या अंगणाबाहेरचा कार्यकर्ता, मग तो कितीही लायक असो, उमेदवार म्हणून कोणाच्या डोळ्यांसमोर येईनासा होतो. कार्यकर्ती तर नाहीच नाही.

खडसे कुटुंबाच्या बाबतीत हे ठळकपणे घडले. मुलगी रोहिणी खडसे-खेवलकर जळगाव जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या अध्यक्ष झाल्या. पत्नी मंदाकिनी खडसे जिल्हा दूध संघाच्या अध्यक्ष झाल्या. स्नुषा रक्षा खडसे कोथळीच्या सरपंच, मग जिल्हा परिषद सदस्य आणि २०१४ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी रावेरच्या खासदार झाल्या; त्यानंतर २०१९ आणि २०२४ मध्येही त्या निवडून आल्या आणि जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. एका घरातील तीन महिला सार्वजनिक जीवनात पुढे आल्या, हे चांगलेच झाले, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसे म्हणू. या महिलांनी पदे नुसती मिरविली असा आरोप करण्याचा आमचा हेतू नाही; रक्षाताईंनी तीन वेळा लोकसभा जिंकली आहे आणि तिसऱ्या वेळी तर दोन लाख बहात्तर हजारांहून अधिक मतांनी. प्रश्न निराळा आहे. त्या घराबाहेरच्या किती महिलांना या वाटेवर पाऊल ठेवता आले?

२०१४ ते २०१९ ही पाच वर्षे या मतदारसंघाच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय म्हणावी लागतील. सप्टेंबर २०१४ मध्ये भाजप व शिवसेना यांची पंचवीस वर्षांची युती तुटली. ती तुटल्याची घोषणा करण्याचे काम पक्षाने खडसे यांच्याकडे सोपविले होते. युती तुटताच शिवसेनेने मुक्ताईनगरमध्ये त्यांच्याविरुद्ध चंद्रकांत पाटील यांना उभे केले. इतकी वर्षे सहज जिंकणाऱ्या नेत्याचे मताधिक्य या वेळी दहा हजारांच्या खाली आले. राज्यात लाट भाजपची, उमेदवार भावी मुख्यमंत्री म्हणून चर्चेत असलेला, आणि तरीही घरच्या मैदानावर ही अवस्था! त्या दिवशी जो संकेत मिळाला तो विजयाच्या गुलालात कोणाला दिसला नाही.

पुढे ४ जून २०१६ रोजी खडसे यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. पुण्याजवळील भोसरी येथील औद्योगिक वसाहतीच्या जमिनीच्या व्यवहारावरून त्यांच्यावर आरोप झाले होते. त्यांनी ते नाकारले आहेत, आणि न्यायालयीन बाबींवर येथे भाष्य करण्याचे प्रयोजन नाही. राजकीय परिणाम मात्र सर्वांसमोर घडला. २०१९ च्या निवडणुकीत पक्षाची यादी येण्यापूर्वीच त्यांनी आपला अर्ज भरून टाकला. पक्षाने अखेर त्यांना उमेदवारी नाकारली आणि शेवटच्या क्षणी त्यांच्या कन्येला दिली.

येथे क्षणभर थांबावयास हवे. १९८० नंतर प्रथमच या मतदारसंघातून एक महिला विजयाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली होती. पण ती कोणत्या रीतीने? वडिलांचे तिकीट कापल्याची भरपाई म्हणून. रोहिणीताई वकील आहेत, बँकेच्या अध्यक्षपदाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. स्वतःच्या गुणांवर त्या उमेदवार होऊ शकल्या असत्या. परंतु उमेदवारी ज्या पद्धतीने आली तिने त्यांना स्वतःचे नाव मिळू दिले नाही. प्रचारात त्या 'नाथाभाऊंची मुलगी' होत्या, त्यांच्याविरुद्धचा प्रचारही नाथाभाऊंविरुद्धचा होता. शिवसेनेशी पुन्हा युती झाल्यामुळे चंद्रकांत पाटील बंडखोर अपक्ष म्हणून उभे राहिले. राष्ट्रवादी काँग्रेसने आपला उमेदवार मागे घेऊन त्यांना पाठिंबा दिला. निकालात पाटील यांना ९१,०९२ आणि रोहिणी खडसे यांना ८९,१३५ मते मिळाली. अंतर १,९५७ मतांचे. वडिलांवरील राग मुलीने फेडला, असे त्या वेळी लोक म्हणत. ते खरे मानले तर एक गोष्ट विसरता येणार नाही : उमेदवारी वडिलांच्या खात्यातून मिळते तेव्हा त्या खात्यावरील कर्जही उमेदवाराच्याच माथी येते.

त्यानंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. पक्षातील लोकांनीच पाडले असा आरोप करीत खडसे यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये भाजप सोडला आणि राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला. वर्षभरापूर्वी त्यांच्या मुलीविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराला पाठिंबा देणारा तोच हा पक्ष. जून २०२२ मध्ये ते विधान परिषदेवर गेले. त्याच महिन्यात अपक्ष आमदार चंद्रकांत पाटील एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेले. डिसेंबर २०२२ मध्ये दूध संघाच्या निवडणुकीत मंदाकिनी खडसे यांचा चाळीसगावचे आमदार मंगेश चव्हाण यांनी पराभव केला. एप्रिल २०२४ मध्ये खडसे यांनी भाजपमध्ये परतण्याचे जाहीर केले. तो प्रवेश काही झाला नाही आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत रोहिणीताई राष्ट्रवादी काँग्रेस (शरद पवार) पक्षाच्या उमेदवार म्हणून पुन्हा चंद्रकांत पाटील यांच्यासमोर उभ्या होत्या. पाटील या वेळी शिवसेनेचे अधिकृत उमेदवार आणि भाजप त्यांचा मित्रपक्ष. भावजय केंद्रात भाजपची मंत्री, नणंद विरोधी आघाडीची उमेदवार! नणंद-भावजयीच्या नात्यावर आपल्याकडे ओव्या पुष्कळ आहेत, पण हा प्रसंग त्यांच्याही कल्पनेपलीकडचा होता. रोहिणीताईंचा पराभव सुमारे चोवीस हजार मतांनी झाला.

एका घरात दोन पक्ष नांदल्याने मतदार गोंधळला असे विश्लेषण तेव्हा झाले. मला ते अर्धवट वाटते. मतदार गोंधळलेला नव्हता. लोकसभेला त्याने एका खडसे आडनावाच्या महिलेला पसंती दिली आणि विधानसभेला दुसऱ्या खडसे आडनावाच्या महिलेला नाकारले. याचा अर्थ, नाव आणि लिंग यांपलीकडचे काही तो पाहत होता. आमदार म्हणजे त्याच्या दृष्टीने पीककर्जासाठी बँकेत शब्द टाकणारा, जळालेले रोहित्र बदलून आणणारा, पोलीस ठाण्यात आणि तहसील कचेरीत सोबत येणारा माणूस. केळीवर करपा किंवा विषाणुजन्य रोग आला, वादळात बाग आडवी झाली, तर पंचनाम्यासाठी तो ज्याला फोन लावतो तो आमदार. खासदार दिल्लीत असतो. त्याची निवड पक्षचिन्हावर आणि देशाच्या नेतृत्वाकडे पाहून केली जाते.

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, येथे सापडते. गावपातळीवरची खरी सत्ता विधानसभेच्या जागेत एकवटली आहे. म्हणून ती जागा पक्ष सहजासहजी कोणाला देत नाहीत. ती संस्थांचे जाळे हाती असलेल्या पुरुषाकडे जाते आणि त्याला अडचण आली तरच त्याच्या घरातील स्त्रीकडे वळते. शेजारच्या चोपड्याचे उदाहरण घ्या. हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. २०१४ साली शिवसेनेचे चंद्रकांत सोनवणे आमदार, २०१९ साली त्यांच्या पत्नी लता सोनवणे आमदार आणि २०२४ साली पुन्हा चंद्रकांत सोनवणे. पाच वर्षे खुर्ची घरातच ठेवली आणि मग ती परत घेतली, असा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष कसा द्यावा? लोकसभेच्या जागेभोवती असे घट्ट जाळे नसते, म्हणून तेथे थोडी मोकळी हवा आहे. स्मिता वाघ यांची वाटचाल विद्यार्थी चळवळ, जिल्हा परिषद, विधान परिषद अशी झाली. २०१९ साली त्यांची लोकसभेची जाहीर झालेली उमेदवारी ऐनवेळी काढून घेण्यात आली होती, आणि तरी पाच वर्षांनी त्या जिंकल्या. शोभा बच्छाव नाशिकच्या माजी महापौर व माजी राज्यमंत्री. धुळ्यासाठी त्या बाहेरच्या, आणि त्यांचे मताधिक्य अवघे ३,८३१. पण निवडून आल्या.

घराणेशाही ही केवळ महिलांच्या उमेदवारीपुरती आहे असे मात्र कोणी समजू नये. महिलांच्या बाबतीत आपण ती पटकन बोलून दाखवितो आणि मुलगे-नातवंडांच्या बाबतीत 'वारसा' असा गोड शब्द वापरतो. मुक्ताईनगरला लागून असलेल्या रावेरकडे पाहा. खिरोद्याचे मधुकरराव चौधरी हे अनेक वर्षे मंत्री आणि १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे पुत्र शिरीष चौधरी २००९ आणि २०१९ साली आमदार. २०२४ साली तिसऱ्या पिढीतील धनंजय चौधरी उमेदवार, आणि त्यांचा पराभव केला तो माजी खासदार व आमदार हरिभाऊ जावळे यांचे पुत्र अमोल जावळे यांनी. नातू विरुद्ध मुलगा. याच परिसरात फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले होते. खेड्यातील सामान्य माणसाला राजकारणात आणण्यासाठी.

राज्याचे चित्र काही निराळे नाही. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी २१ महिला निवडून आल्या. याउलट पंचायतींकडे पाहिले तर, महाराष्ट्राने १९९० सालीच स्थानिक संस्थांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या, ७३ व्या घटनादुरुस्तीने पुढे ते प्रमाण एक तृतीयांश केले आणि २०११ मध्ये राज्याने ते ५० टक्क्यांवर नेले. म्हणजे तीस-पस्तीस वर्षे खानदेशातील गावोगावी महिला सरपंच, पंचायत समिती सभापती, जिल्हा परिषद सदस्य म्हणून काम करीत आहेत. त्यांत नवऱ्याच्या सहीने कारभार चालविणाऱ्या आहेत, हे खरे. पण पाणीपुरवठ्याची योजना, शाळेची खोली, दारूबंदीचा ठराव यांसाठी अधिकाऱ्यांशी भांडणाऱ्याही पुष्कळ आहेत. या शिडीची पहिली पायरी रुंद आहे आणि वरची पायरी जवळजवळ नाही. कोथळीच्या सरपंचपदावरून दिल्लीपर्यंत गेलेल्या रक्षाताई हे उदाहरण म्हणून ठीक आहे. पण कोथळीसारख्याच एखाद्या दुसऱ्या गावच्या, आडनाव नसलेल्या सरपंच बाईला पंचायत समितीच्या पुढे कोण नेणार?

संसदेने सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती संमत केली. तीनुसार लोकसभा व विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठेवण्याची तरतूद झाली. मात्र त्या दुरुस्तीनेच तिची अंमलबजावणी पुढील जनगणना आणि त्यावर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना यांवर अवलंबून ठेवली. हिशेबाने पाहिले तर जळगाव जिल्ह्याच्या अकरा जागांपैकी तीन-चार जागा महिलांसाठी येतील. तेव्हा पक्ष उमेदवार कोठून आणणार? आज जे आमदार आहेत त्यांच्या पत्नी, मुली आणि सुना तयारच आहेत. कायद्याने जागा राखून ठेवता येते. जागेपर्यंत पोहोचण्याचा रस्ता राखून ठेवता येत नाही. तो पक्षांच्या तालुका कार्यकारिणीत, बाजार समितीच्या आणि विकास सोसायटीच्या निवडणुकीत तयार व्हावा लागतो, आणि तेथे महिला आजही राखीव जागेपुरत्याच दिसतात. (आपल्या धर्मग्रामांच्या परिषदांत आणि वित्त समित्यांत स्थिती कितीशी वेगळी आहे, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. मिस्सेनंतर चहा कोण करते आणि बैठकीत कोण बोलते, एवढे पाहिले तरी पुरे.)

खानदेशात आपला समाज विरळ आहे. भुसावळची रेल्वे वसाहत, जळगाव-धुळ्यासारखी शहरे आणि सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावे अशा विखुरलेल्या ठिकाणी आपण राहतो. कोणत्याही मतदारसंघाचा निकाल फिरविण्याइतकी आपली संख्या नाही आणि आपण गठ्ठ्याने मतदान करावे अशी आमची इच्छाही नाही. कोणाला मत द्यावे हे सांगणे हे या पानाचे काम नव्हे. परंतु १,९५७ मतांचा निकाल आणि ३,८३१ मतांचा निकाल पाहिल्यावर 'आमच्या चार मतांनी काय होते' असे म्हणण्यास फारशी जागा राहत नाही.

यासंदर्भात एक व्यावहारिक बाब आमच्या ध्यानात आली आहे. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या मतदार यादीतून वगळली जातात आणि सासरच्या यादीत वर्षानुवर्षे चढतच नाहीत. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांची नावे यादीतून अशीच निसटतात. पत्ता बदलल्यास अर्ज क्रमांक ८ भरावयाचा असतो आणि नाव प्रथमच नोंदवावयाचे असल्यास अर्ज क्रमांक ६. दोन्ही मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा गावच्या शिक्षकाकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे, देता येतात. २०२२ पासून अठरा वर्षे पूर्ण झाल्याची तारीख धरण्यासाठी वर्षातून एकाऐवजी चार दिवस ठरविण्यात आले आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. धर्मग्रामांतील महिला मंडळांनी आणि युवक संघांनी आपापल्या वाडी-वस्तीवरील याद्या एकदा वाचून पाहाव्यात. ज्या सुनांची नावे त्यांत सापडणार नाहीत, त्यांचे अर्ज भरून देण्यास एक दुपार पुरेशी आहे.